टेबल कुणाचं?

वन बीएचकेमध्ये टेबल एकच होतं. लॉकडाऊनमध्ये ते मला मिळालं आणि दहावीतला भाऊ जिन्यावर गेला. त्या टेबलाचा हिशोब अजून मिटलेला नाही...

आमच्या ऑफिसात सध्या एक जोक जाम चालतो. एखाद्या ट्रेनीने एक्सेलमध्ये घोळ घातला, मेल अर्धवट लिहिला किंवा मीटिंगच्या दहाव्या मिनिटाला टेबलाखाली मोबाइल काढला, की कुणीतरी हळूच म्हणतं, ‘कोविड बॅच आहे रे, सांभाळून घे!’ मग सगळे खीखी करतात. मीपण करायचे.

गेल्या महिन्यात हा जोक मीच मारला. क्लायंटचा कॉल चालू होता आणि माझा लॅपटॉप रुसला होता, म्हणून शेजारच्या ट्रेनीला म्हटलं, ‘जरा वहीत लिहून घे ना.’ पोराने अर्धं पान लिहिलं आणि पेन ठेवून मनगट झटकायला लागला. पुढचं सगळं राहून गेलं. कॉल संपल्यावर मी म्हटलं, ‘कोविड बॅच!’ सगळे हसले. तोही हसला, सगळ्यांपेक्षा मोठ्याने.

तेच खटकलं. कारण ते हसू माझ्या ओळखीचं आहे. माझ्या घरात एक जण डिट्टो तसाच हसतो. स्वतःवरचा जोक दुसऱ्याने पूर्ण करायच्या आत आपणच हसून टाकायचं, म्हणजे पुढचे प्रश्न येत नाहीत.

संध्याकाळी अंधेरीहून भाईंदर लोकल पकडली (विरार पकडायची नसते, भाईंदरला उतरूच देत नाहीत, हे आमच्याकडे पोरं बोलायला लागायच्या आधी शिकतात!). लेडीज डब्यात चौथी सीट मिळाली, म्हणजे तशी लॉटरीच. पण मूड गेला होता. डोक्यात एकच गोष्ट फिरत होती, आमच्या घरातलं टेबल.

एक टेबल, चार माणसं

आमचं घर भाईंदर पूर्वेला, नवघर रोडच्या आत. वन बीएचके, चौथा मजला, लिफ्ट मूडवर. आई, पप्पा, मी आणि माझ्यापेक्षा आठ वर्षांनी धाकटा भाऊ. पप्पा स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यात सुपरवायझर. भाईंदर पूर्वेला असे गाळे गल्लोगल्ली आहेत. बाहेरगावी एखाद्या लग्नात जेवताना ताट उलटं करून ‘हे आमच्याकडचं असेल’ म्हणायची पप्पांची जुनी सवय.

टेबल आलं माझ्या दहावीच्या वर्षी, २०१२मध्ये. साधं सनमायकाचं, एक पाय थोडा आखूड, त्याखाली कागदाची घडी. पण त्याच्यावर ट्यूबलाइट लावली, टाइमटेबल चिकटवलं आणि आईने फतवा काढला, ‘ती टेबलावर असली की टीव्ही बंद.’ वर्षभर घरातले सगळे कुजबुजत बोलले. मी नोकरीला लागल्यावर टेबल रीतसर धाकट्याकडे गेलं. त्याने माझ्या टाइमटेबलवर क्रिकेटर चिकटवले, सत्तांतर पूर्ण झालं.

मार्च २०२० आला. शाळा बंद, लोकल बंद, गाळा बंद. धाकटा तेव्हा नववीत होता. एप्रिलमध्ये सरकारने नववी आणि अकरावीची दुसऱ्या सत्राची परीक्षा रद्द केली, तेव्हा हा हॉलमध्ये नाचला होता. आम्हीपण हसलो. पोराला परीक्षेतून सुट्टी मिळाली, यात वाईट ते काय?

माझ्या कंपनीने घरी लॅपटॉप पाठवला. ‘उद्यापासून सकाळी नऊला लॉगइन.’ लॅपटॉप ठेवायचा कुठे, हा प्रश्न कुणी विचारलाही नाही. धाकट्याने आपली पुस्तकं उचलली आणि बेडखाली ठेवली. मी चार्जर लावला. दोन मिनिटांत सगळं आटोपलं.

आता वाटतं, निदान एकदा भांडण तरी व्हायला हवं होतं. पण गाळा बंद म्हणजे पप्पांचा पगार बंद. घरात येणारा पैसा एकच, माझा, आणि त्यातूनही वीस टक्के कापलेले. जिथून पैसा येतो तिथे टेबल जाणार. यात कुणाची चूक होती असंही म्हणता येत नाही, आणि हेच जास्त टोचतं.

‘म्यूट कर ना!’

जून २०२०पासून त्याची दहावी सुरू झाली, आईच्या मोबाइलवर. स्क्रीन कोपऱ्यात तडकलेली, रोजचा डेटा दीड जीबी. चौथा तास संपेपर्यंत डेटाही संपायचा. रेंज फक्त दोनच ठिकाणी, एक हॉलची खिडकी, जिथे टेबल होतं, म्हणजे मी होते, आणि दुसरा जिना.

पहिला आठवडा तो किचनमध्ये स्टुलावर बसला. इकडे सर पायथागोरस सांगतायत, तिकडे कुकरच्या शिट्ट्या होतायत. मग बेडवर बसला, पण तिथे पप्पा दिवसभर बातम्या लावून बसलेले. मला कॉल आला की मी मागे न बघताच हात करायचे, ‘म्यूट कर ना!’ दिवसातून किती वेळा केलं असेल, देव जाणे. शेवटी त्याने जिना धरला. तिसऱ्या आणि चौथ्या मजल्यामधली लँडिंग ही त्याची दहावीची वर्गखोली. आमच्याकडचे डास तुम्हाला माहीत नसतील तर एकदा पावसाळ्यात या, भेट घालून देते.

जिन्यावर तो काय करतोय हे बघायला कुणी गेलं नाही. ‘जॉइन’ करायचं, कॅमेरा बंद, माइक बंद, हजेरीला ‘प्रेझेंट सर’ आणि मग गेम. सप्टेंबर २०२०मध्ये पब्जीवर बंदी आली तेव्हा पोरगं दोन दिवस धड जेवलं नाही, तेव्हा तरी आमची ट्यूब पेटायला हवी होती. आम्ही त्यावरही जोक केले.

दिवाळीच्या आसपास एक दिवस तो जिन्यावरून लवकर वर आला. म्हणाला, क्लास नाहीये. दुसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी आईने विचारलं तेव्हा कळलं, फी थकली म्हणून शाळेने त्याला क्लासच्या ग्रुपमधून काढलं होतं. मी मराठी मीडियमची, याला हौसेने इंग्लिश मीडियममध्ये घातलेला, खासगी शाळा, फी पण तशीच. मी क्रेडिट कार्डावर पैसे भरले आणि तो आठ दिवसांनी परत ग्रुपमध्ये गेला. ऑगस्ट २०२१मध्ये राज्य सरकारने खासगी शाळांची फी १५ टक्के कमी करण्याचा आदेश काढला, तोवर हा शाळेतून बाहेरही पडला होता.

पण त्याच आठ दिवसांत त्याच्या गणिताच्या मॅडम रोज रात्री आईच्या व्हॉट्सअॅपवर वहीच्या पानांचे फोटो पाठवत होत्या. शाळेला न सांगता. एकदा आईने थँक्यू म्हणायला फोन केला, तर मागे त्यांचं लहान मूल रडत होतं. त्या म्हणाल्या, ‘अहो, आमचापण पगार अर्धाच होतोय. पण पोरांचं वर्ष आहे ना.’ शाळेला शिव्या घालायला तोंड उघडलं की मला त्या मॅडम आठवतात आणि तोंड बंद होतं.

९९.९५!

२० एप्रिल २०२१. राज्याने दहावीची परीक्षाच रद्द केली. मग फॉर्म्युला आला. प्रत्येक विषयाचे ५० मार्क नववीच्या निकालावरून, ३० दहावीच्या अंतर्गत लेखी परीक्षांवरून आणि २० तोंडी-प्रॅक्टिकलचे. म्हणजे अर्धी दहावी अशा नववीवर, जिची वार्षिक परीक्षा झालीच नव्हती आणि उरलेली अर्धी जिन्यावर बसून पुस्तक उघडं ठेवून दिलेल्या टेस्टवर!

१६ जुलैला निकाल लागला आणि बोर्डाची साइट बसली. अख्ख्या महाराष्ट्राने एकदम रिफ्रेश मारलं असणार. संध्याकाळी कधीतरी पान उघडलं. राज्याचा निकाल ९९.९५ टक्के, आमच्या घरचा ८४. पप्पा मास्क लावून पेढे आणायला गेले. गाळा नुकता कुठे सुरू झाला होता, पण पेढे अर्धा किलो आणले. मी स्टेटस टाकलं, ‘प्राउड ऑफ यू ब्रो!’

तो पेढा हातात धरून बसला होता. म्हणाला, ‘ताई, यातले माझे किती गं?’

मी म्हटलं, ‘गप खा.’

त्यानंतर अकरावीच्या प्रवेशासाठी सीईटी होणार होती, २१ ऑगस्टला. घरात जरा अभ्यासाचं वातावरण तयार होतंय तोच १० ऑगस्टला हायकोर्टाने तीही रद्द केली. कोर्टाचं बरोबरच होतं. पण आमच्या पोराच्या आयुष्यातून आणखी एक परीक्षा अशीच निघून गेली.

पहिली बोर्डाची परीक्षा, तीही बारावीची

ऑक्टोबर २०२१मध्ये शहरातले आठवी ते बारावीचे वर्ग उघडले. धाकटा कॉमर्सला गेला. मीही त्या सुमारास परत लोकलमध्ये. टेबल रिकामं झालं, पण तो त्याच्यावर बसेना. बेडवर लोळून, मोबाइल छातीवर, ‘इथेच बरं आहे.’ मला वाटलं, वयच तसं आहे.

२०२२ची दहावी-बारावीची बॅच आठवते? त्यांना २५ टक्के सिलॅबस कमी होता, लिहायला जास्तीचा वेळ होता. २०२३ला बोर्डाने म्हटलं, झालं सगळं नॉर्मल. पूर्ण सिलॅबस, नेहमीचा वेळ. कागदावर बरोबर. पण ही २०२३ची बारावीची बॅच म्हणजे तीच, २०२१ची दहावी, जिने बोर्डाचा पेपर कधी पाहिलाच नव्हता. कोविडआधीची शेवटची धड वार्षिक परीक्षा आठवीत, बोर्डाचा पहिला पेपर थेट बारावीत. मधे चार वर्षं.

फेब्रुवारीत पेपर सुरू झाले. इंग्लिशच्या पेपरहून आला तेव्हा उजव्या हाताचं मधलं बोट सुजलं होतं. आईने बर्फ लावला. बुककीपिंगच्या दिवशी मात्र काही बोललाच नाही.

२५ मे २०२३. राज्याचा निकाल ९१.२५. म्हणजे शंभरातले जवळपास नऊ नापास, आणि त्या नवांमधला एक आमच्या घरात, बुककीपिंगमध्ये.

मी ऑफिसातून हाफ डे घेऊन आले आणि दारातूनच सुरू झाले. ‘८४ टक्केवाला नापास कसा होतो रे? काय केलंस दोन वर्षं? क्लास लावला, मोबाइल घेऊन दिला...’ पप्पा खाली बघत होते. आई किचनमधून बाहेर आली नाही. तो नेहमीसारखा हसला. मग मीच थांबले, कारण हसता हसता त्याची हनुवटी हलायला लागली.

‘ताई, नववीनंतर मला काहीच कळलेलं नाहीये,’ तो म्हणाला. ‘अकरावीत पहिल्या दिवशी सर म्हणाले, हे तुम्हाला येतंच. सगळ्यांनी मान हलवली. मग मीपण हलवली.’

‘मग सांगायचं ना!’

‘कुणाला? पप्पांना टेन्शन होतं. आईला काय कळणार? आणि तू टेबलावर होतीस.’

आरोप म्हणून नाही म्हणाला. साधं पत्ता सांगितल्यासारखं म्हणाला. मी त्याच्यापासून सहा फुटांवर दीड वर्षं बसले होते आणि माझी फक्त पाठ त्याच्याकडे होती.

पंचेचाळीस दिवसांचा पूल

हे फक्त आमच्या घरात झालं असतं तर मी तुम्हाला सांगत बसले नसते. आपल्या शहराकडे बघा. मीरा-भाईंदर म्हणजे बाहेरून आलेल्यांचं गाव. कोकणातले, गुजरातचे, राजस्थानचे, यूपीचे, नया नगरपासून उत्तनच्या कोळीवाड्यापर्यंत प्रत्येकाची भाषा वेगळी. पालिकेच्या शाळाच मराठी, हिंदी, गुजराती, उर्दू अशा वेगवेगळ्या माध्यमांच्या. लॉकडाऊनमध्ये यातली कितीतरी घरं गावाला गेली. काही मुलं सहा महिन्यांनी परतली, काही दोन वर्षांनी, काही गावच्या शाळेत वेगळ्याच भाषेत शिकून. शाळा उघडल्यावर बाईंच्या समोर जो वर्ग बसला, त्याचं नाव ‘तिसरी’ होतं, पण त्यात पहिलीपासून तिसरीपर्यंत सगळे होते. काहींनी तर शाळेचा बाकच पहिल्यांदा पाहिला होता.

सरकारने काहीच केलं नाही असंही नाही. जुलै २०२०पासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ लागायचं, पहिली ते आठवीच्या मुलांसाठी. आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजी नातवाला समोर बसवून स्वतःच जास्त बघायच्या. २०२१च्या जुलैत ‘सेतू’ अभ्यासक्रम आला, मागच्या वर्षाचं भरून काढायला, ४५ दिवसांचा. कल्पना चांगलीच होती. पण वर्षभराची दरी आणि पंचेचाळीस दिवसांचा पूल, तोही शहरातल्या शाळा बंद असताना, म्हणजे परत मोबाइलवरच!

‘असर’ नावाचा सर्वेक्षण अहवाल तुम्ही पेपरात वाचला असेल. मुलांच्या घरी जाऊन, त्यांच्या हातात दुसरीच्या पातळीचा उतारा देऊन वाचायला सांगतात. देशातल्या ग्रामीण भागात तिसरीतल्या शंभर मुलांपैकी २०१८मध्ये सुमारे २७ मुलांना तो वाचता येत होता. २०२२मध्ये २०. मग २०२४मध्ये परत २७. म्हणजे गाडी जिथून घसरली होती तिथवर ढकलत आणली. ही खरंच मोठी गोष्ट आहे, आणि ती केली शाळाशाळांतल्या बाईंनी आणि सरांनी.

पण दोन गोष्टी मला सतावतात. एक, तो अहवाल गावांचा आहे. आपल्यासारख्या शहराच्या, आपल्या विंगमधल्या पोरांच्या हातात तो उतारा कुणी दिलेला नाही. दुसरी, २०२४च्या तिसरीतली मुलं वेगळी. २०२२मध्ये तिसरीत असलेली मुलं काही तिथे थांबून राहिली नाहीत. ती पुढे गेली, चौथीत, पाचवीत, मान हलवत.

तीन तासांचा गजर

पुरवणी परीक्षा जुलैमध्ये होती. मी धाकट्याला म्हटलं, टेबलावर बस. तो म्हणाला, नको. मग मी टेबलावरचा माझा सगळा पसारा, लॅपटॉपचं स्टँड, रोपटं, कॉफीचा मग, सगळं उचलून किचनच्या ओट्यावर नेऊन ठेवलं. मग बसला.

मी स्वतः अकाउंट्सवाली, त्यामुळे शिकवणं सोपं जाईल असं वाटलं होतं. कसलं काय! बॅलन्स शीट काढून बघितलं, मागे गेलो. लेजर, अजून मागे. जर्नल एंट्री, अजून मागे. शेवटी सापडलं, डेबिट आणि क्रेडिट म्हणजे काय हेच त्याला कुणी समोर बसून सांगितलेलं नव्हतं. आणि त्याच्याही मागे टक्केवारी, सातवी-आठवीतली, वापराअभावी गंजलेली. बारावीच्या पोराला मी पप्पांच्या गाळ्यातली भांडी, उधारी आणि शेजारच्या वाण्याची वही घेऊन डेबिट-क्रेडिट शिकवलं. तिसऱ्या दिवशी म्हणाला, ‘एवढंच होतं?’ मला रडावं की हसावं कळेना.

पण खरा लोचा अकाउंट्सचा नव्हताच, बसण्याचा होता. पहिल्या रविवारी मी मोबाइलवर तीन तासांचा गजर लावला आणि जुना पेपर समोर ठेवला. चाळीसाव्या मिनिटाला तो उठला. पाणी प्यायला म्हणून गेला आणि आलाच नाही. दुसऱ्या रविवारी एक तास दहा मिनिटं. पाय हलतोय, मान अवघडतेय, बोट दुखतंय. पप्पा मधूनच येऊन त्याच्या पाठीवर हात ठेवून जायचे, काही न बोलता. टीव्ही बंद. सगळे कुजबुजत. २०१२ परत आलं होतं, फक्त अकरा वर्षांनी उशिरा.

पाचव्या रविवारी गजर वाजला तेव्हा तो लिहीत होता. म्हणाला, ‘थांब, एक अॅडजस्टमेंट राहिलीये.’

बुककीपिंगमध्ये ५२ मिळाले. ८४च्या वेळी जिने पेढे खाल्ले होते तीच ही फॅमिली, पण या वेळी पेढे तो स्वतः घेऊन आला. मी स्टेटस वगैरे टाकलं नाही.

बोट मधल्याच शब्दावर

खालच्या आजींचा तो नातू आठवतोय, टिलीमिलीवाला? तो जून २०२०मध्ये पहिलीत गेला, म्हणजे कुठे गेलाच नाही. पहिली घरात, दुसरी थोडी घरात थोडी शाळेत. २०२३मध्ये तो चौथीत होता. आजी वर आल्या आणि म्हणाल्या, ‘रोज धडा वाचून दाखवतो, पण बाई म्हणतात वाचता येत नाही. तुम्हीच बघा.’

पोराने पुस्तक उघडलं आणि धडाधड धडा वाचला. बोट ओळीवरून फिरवत, आवाजात चढ-उतार वगैरे. मी म्हटलं, ‘आजी, मस्त वाचतोय की!’

धाकटा बाजूला बसून बघत होता. त्याने हळूच पुस्तकातल्या चित्रावर हात ठेवला, मधल्याच एका शब्दावर बोट टेकवलं आणि विचारलं, ‘हा कुठला?’

पोरगं गप्प. मग ते हसलं. तेच हसू!

आजी गेल्यावर मी विचारलं, तुला कसं कळलं? तो म्हणाला, ‘ताई, तो डोळे पुस्तकात ठेवत नव्हता, तुझ्या चेहऱ्यावर ठेवत होता. पाठ केलंय त्याने सगळं. मी दोन वर्षं तेच केलं ना, मला नाही कळणार?’

दुसऱ्या दिवसापासून नातू आमच्या टेबलावर. म, मा, मी. चौथीतल्या पोराला बाराखडी म्हणजे इज्जतचा प्रश्न, म्हणून धाकट्याने दार लावून घेतलं आणि त्याला क्रिकेटरांची नावं वाचायला लावली, माझ्या जुन्या टाइमटेबलवर चिकटवलेली तीच! दिवाळीपर्यंत पोरगं लोकलमधल्या जाहिराती मोठमोठ्याने वाचायला लागलं. आजी म्हणतात आता गप्प बसत नाही. सगळंच भरून निघालं असं नाही. मोठा परिच्छेद आला की अजून कंटाळतो आणि गणितात हातचा विसरतो. पण हल्ली अडलं की थांबतो आणि म्हणतो, ‘दादा, हे नाही येत.’ धाकटा म्हणतो, हे वाक्य बोलायला लावायलाच तीन महिने लागले.

आता संध्याकाळी चार पोरं येतात. समाजसेवा वगैरे नाही हं! दोघांकडून महिना पाचशे घेतो, दोघांकडून घेत नाही. कुणाकडून का घेत नाही ते मी विचारत नाही, तो सांगत नाही.

आता माझी पाळी

तर त्या जोकच्या दुसऱ्या दिवशी मी त्या ट्रेनीला कॅन्टीनमध्ये गाठलं. विचारलं, ‘दहावी कुठल्या वर्षी?’ त्याने वर्ष सांगितलं आणि सवयीने हसायला सुरुवात केली. मी हसले नाही, म्हणून तोही थांबला. म्हटलं, ‘नोट्स घेताना हात दुखतो ना? माझ्या भावाचापण दुखायचा. रोज एक पान लिही, कसलंही. आणि कळलं नाही तर मान हलवू नकोस, सरळ विचार. मला राग येणार नाही.’ तो बराच वेळ चहात बिस्कीट बुडवत बसला. बिस्कीट पडलं. मग म्हणाला, ‘मॅम, ती पिव्होट टेबलची भानगड परत एकदा सांगाल?’

सांगितली. वीस मिनिटं लागली. त्याची चेष्टा करण्यात आम्ही याहून जास्त वेळ घालवला होता.

तुमच्याही ऑफिसात अशी पोरं आली असतील, तुमच्या विंगमध्ये तर नक्कीच आहेत. तुम्ही शाळा चालवत नाही, मीही नाही. पण रविवारी अर्धा तास, एक पोर, एक पुस्तक, आणि बोट मधल्याच शब्दावर. एवढं तर आपल्याला जमतं ना बॉस? आपण त्या वेळी घरून काम करत होतो, म्हणजे घरात कुठेतरी कुणाची तरी जागा घेऊन बसलो होतो.

धाकट्याला मी अजून ‘सॉरी’ म्हटलेलं नाही. आमच्याकडे भावंडांत सॉरी म्हणायची पद्धत नाही, चहात आलं जास्त घालायची आहे.

परवा शुक्रवारी मला वर्क फ्रॉम होम होतं. संध्याकाळी शेवटचा कॉल लांबला. मी किचनमध्ये, स्टुलावर, लॅपटॉप मांडीवर, पाठीशी कुकर. हॉलमध्ये टेबलाभोवती चार पोरं आणि नातू अडखळत एक लांब परिच्छेद वाचत होता. मी क्लायंटला जरा जोरातच काहीतरी समजावत होते. तेवढ्यात धाकट्याने मागे न बघताच माझ्याकडे हात केला,

‘ताई, म्यूट कर ना!’

मी केलं.